वाकडे पाऊल : शस्त्रक्रिया करावी की करू नये?



ह्या व्याख्यानमालेत संतवाङ्मयापासून सरकारी अंदाजपत्रकापर्यंत सर्व विषयांवर बोलले जाते. माणसाच्या पायाच्या तळव्यावर तासभर बोलण्याचा प्रसंग बहुधा पहिलाच असेल. मी डॉक्टर नाही. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला मनुष्य आहे. परंतु ज्या रोगाविषयी बोलावयाचे आहे तो आमच्या घरात निदान तीन पिढ्या नांदत आहे. माझा उजवा पाय शस्त्रक्रिया झालेला आहे, डावा न झालेला आहे, आणि आता माझ्या १९ वर्षांच्या पुतणीपुढे तोच प्रश्न उभा आहे. तिला सांगण्यासाठी म्हणून गेले वर्षभर जे वाचले आणि विचारले, तेच आज आपणांपुढे मांडतो.

रोगाचे नाव शार्को-मारी-टूथ. ह्यातला टूथ म्हणजे दात नव्हे, ते एका इंग्रज डॉक्टरांचे आडनाव आहे. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण नाव ऐकून आजवर तिघांनी मला चांगल्या दंतवैद्याचा पत्ता दिला आहे. १८८६ साली पॅरिसमध्ये जाँ-मार्तँ शार्को आणि पिएर मारी ह्यांनी ह्या विकाराचे वर्णन केले, आणि त्याच वर्षी हॉवर्ड हेन्री टूथ ह्यांनी केंब्रिज विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात ते स्वतंत्रपणे केले. दोष पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत नसून तेथून निघून हातापायांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंत आहे, असे टूथ ह्यांचे म्हणणे होते. पुढे तेच खरे ठरले. रोग वाटतो तितका दुर्मिळ नाही. १९७४ सालच्या नॉर्वेमधल्या पाहणीपासून साधारण २,५०० माणसांत एक असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. हेच प्रमाण आपल्याकडे लावून पाहिले तर अडीच लाख वस्तीच्या तालुक्यात अशी शंभर माणसे निघतील. त्यांतल्या बहुतेकांना 'पाय जरा वाकडा आहे' ह्यापलीकडे काही सांगितले गेलेले नसावे, असा माझा अंदाज आहे.

मज्जातंतू ही विजेच्या तारेसारखी वस्तू आहे, असे समजा. आत निरोप वाहून नेणारा धागा आणि बाहेर वेष्टन. हे वेष्टन नीट असले म्हणजे निरोप जलद जातो. निरोगी माणसाच्या हातात तो सेकंदाला ५० ते ६० मीटर वेगाने धावतो. ह्या रोगाच्या पहिल्या प्रकारात वेष्टनच खराब असते आणि वेग ३८ मीटरच्या खाली येतो. दुसऱ्या प्रकारात वेष्टन बरे असते, परंतु आतला धागाच झिजत जातो. दोन्हींचा शेवट एकच : दूरच्या टोकाला निरोप पोहोचत नाही आणि तेथला स्नायू उपाशी राहिल्यासारखा वाळत जातो. शरीरातले सर्वांत लांब मज्जातंतू कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारे, जवळजवळ मीटरभर लांबीचे. म्हणून रोग प्रथम पावलांत दिसतो, मग पोटरीत, आणि पुष्कळ वर्षांनी हाताच्या बोटांत. शर्टाची गुंडी लावताना माझी बोटे आता चाचपडतात, ते ह्यामुळेच.

सर्वांत अधिक आढळणाऱ्या प्रकाराचे कारण १९९१ साली सापडले. सतराव्या गुणसूत्राचा एक लहानसा तुकडा दोनदा छापला गेलेला असतो. त्यामुळे वेष्टनाच्या घडणीला लागणाऱ्या एका प्रथिनाचे जनुक दोनाऐवजी तीन प्रतींत येते. जनुक बिघडलेले नाही, नुसते जास्त झाले आहे! आमटीत मीठ लागतेच, पण दीडपट पडले की आमटी बिघडते, तसा हा प्रकार. आईबापांपैकी एकाला तो असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याचा संभव निम्मा. नाणेफेक प्रत्येक वेळी नव्याने होते. थोरल्याला आला म्हणून धाकटा सुटला, असा हिशेब ह्यात नाही. शिवाय एकाच घरात तो एकाला नुसता स्पर्श करून जातो आणि दुसऱ्याला काठी घ्यावयास लावतो. ह्याशिवाय इतर अनेक जनुकांचे प्रकार आहेत. काही आईकडून मुलग्याकडे अधिक तीव्रतेने जातात. काही दोन्हीकडून दोष आला तरच प्रकटतात. मामेबहिणीशी लग्न करण्याची चाल जेथे आहे तेथे हे शेवटचे प्रकार अधिक दिसतात. कोणत्याही प्रकारावर रोग मुळातून घालविणारे औषध आज उपलब्ध नाही. क जीवनसत्त्वाने उंदरांत सुधारणा दिसली म्हणून माणसांवर मोठे प्रयोग झाले, परंतु त्यांत लाभ दिसला नाही.

आता पाऊल वाकडे का होते ते पाहू, कारण शस्त्रक्रियेचा सारा विचार ह्या एका गोष्टीवर उभा आहे.

पावलाभोवतीचे स्नायू म्हणजे तंबूच्या दोऱ्या. सर्व दोऱ्या सारख्या सैल झाल्या तर तंबू खाली बसेल, पण एका अंगाला कलणार नाही. ह्या रोगात मात्र काही दोऱ्या आधी सैल होतात व काही ताठ राहतात. पाऊल बाहेरच्या बाजूला वळविणारा आखूड स्नायू लवकर दुबळा होतो. त्याचा प्रतिस्पर्धी, नडगीच्या मागून येऊन घोट्याच्या आतल्या बाजूने पावलात शिरणारा टिबिअ‍ॅलिस पोस्टीरिअर नावाचा स्नायू, बराच काळ जोरदार राहतो. तेव्हा पाऊल आत ओढले जाते. चवडा वर उचलणारा स्नायूही लवकर दमतो; पण अंगठ्यामागचे लांब हाड खाली दाबणारा दुसरा स्नायू टिकून असतो. म्हणून अंगठ्याकडची बाजू खाली खुपसली जाते आणि कमान उंच होते. तळव्यातले बारीक स्नायू तर आधीच गेलेले असतात, त्यामुळे बोटे मांजराच्या नख्यांसारखी आखडतात.

माणूस पावलावर उभा राहतो तो तिवईवर उभा राहावे तसा : एक पाय टाच, दुसरा अंगठ्याचे मूळ, तिसरा करंगळीचे मूळ. तिवईचा एकच पाय लांब झाला तर ती कलणारच. अंगठ्याचे हाड खाली गेले की जमिनीवर टेकण्यासाठी सबंध पाऊल बाहेरच्या कडेवर लवंडते आणि टाच आत वळते. मग सारे वजन त्या बाहेरच्या कडेवर. तेथे घट्टे पडतात, चपलेची तीच बाजू झिजते आणि पाय वारंवार मुरगळतो. माझ्या लहानपणी आमच्या वडिलांच्या पावलांचा आवाज आळीच्या तोंडापासून ऐकू येई. चवडा उचलता येत नसल्यामुळे ते गुडघा उंच घेत आणि पाऊल फटकन खाली पडे. त्या आवाजावर आम्ही पत्त्यांचा डाव लपवीत असू. तो रोगाचा आवाज होता हे आम्हांला चाळीस वर्षांनी कळले.

आता एक साधी, घरी समजण्याजोगी परीक्षा सांगतो. कोलमन ह्या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी ती १९७७ साली सांगितली. सुमारे इंचभर जाडीची फळी घ्यावयाची, आपला जेवायचा पाट म्हणा ना. रुग्णाला तीवर असे उभे करावयाचे की टाच व पावलाची बाहेरची कड फळीवर राहील आणि अंगठ्याकडचा भाग फळीच्या कडेवरून खाली लोंबेल. लांब झालेल्या तिवईच्या पायासाठी खड्डा करून दिला, एवढेच झाले. आता मागून टाचेकडे पाहावयाचे. टाच सरळ झाली, तर ती स्वतः दोषी नाही. पुढच्या हाडाने तिला कलंडविले आहे. टाच तशीच आत वळलेली राहिली, तर वाकडेपणा तिच्या सांध्यात मुरलेला आहे. एका पाटावर उभे राहून पाच मिनिटांत कळणाऱ्या ह्या गोष्टीवर पुढची वीस-पंचवीस वर्षे अवलंबून असतात! अर्थात पाहणारा डोळा जाणत्याचा हवा. घरी पाटावर उभे राहून निर्णय करू नये.

कारण वाकडेपणाच्या दोन अवस्था आहेत. पहिल्या अवस्थेत पाऊल हाताने सरळ करता येते. ओल्या बांबूसारखे ते वाकलेले असते, पण लवते. वर्षे गेली की कंडरा आखडतात (कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), सांधे त्याच स्थितीत घट्ट होतात, आणि मग कोणत्याही हाताने ते सरळ होत नाही. ही दुसरी अवस्था. रोग एकच, माणूस एकच. पण ह्या दोन अवस्थांतल्या शस्त्रक्रिया सर्वस्वी निराळ्या आहेत.

लवचीक पावलात सांधे शाबूत ठेवून काम करता येते. तळव्यातला आखडलेला पडदा सैल करतात. अंगठ्यामागच्या हाडातून लहानशी पाचर कापून ते वर उचलतात. लागल्यास टाचेच्या हाडातूनही पाचर काढून ती सरळ करतात. ही युक्ती लिव्हरपूलच्या ड्वायर ह्यांच्या नावाने ओळखली जाते आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीची आहे. आणि ज्या दोरीने पाऊल आत ओढले, तीच दोरी सोडवून, नडगीच्या दोन हाडांमधल्या फटीतून पुढे आणून पावलाच्या वरच्या अंगाला बांधतात. काल जो पाऊल वाकडे करीत होता, तोच स्नायू उद्यापासून चवडा उचलू लागतो. शत्रूचा सरदार फोडून आपल्या बाजूला घ्यावा, असा हा डाव आहे. ही दोरी बदलली नाही आणि नुसती हाडे सरळ केली, तर ती दोरी पुन्हा पाऊल ओढू लागते, हे लक्षात ठेवावे.

घट्ट झालेल्या पावलात हे सगळे पुरेसे नसते. तेथे टाचेच्या वरचे व पुढचे तीन सांधे खरवडून, पाचरी काढून, हाडे कायमची जोडून टाकतात. पाऊल सरळ होते, मुरगळणे थांबते. पण आडवी हालचाल जन्मभरासाठी जाते. घोट्याची वरखाली हालचाल शिल्लक राहते, तिच्यावर आता सगळा भार येतो. खडबडीत जमिनीवर पाऊल स्वतः जुळवून घेत नाही, आणि न जोडलेला घोटा काही वर्षांनी झिजू लागतो.

येथे थोडा इतिहास पाहिला पाहिजे, कारण ह्या शस्त्रक्रिया मुळात आमच्या रोगासाठी निघालेल्या नाहीत. सांधे जोडण्याची आणि कंडरा फिरविण्याची विद्या विसाव्या शतकात वाढली ती मुख्यतः पोलिओच्या रुग्णांवर. आपल्या देशात तिचा दुसरा मोठा उपयोग कुष्ठरोग्यांसाठी झाला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड ह्यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरोग्यांच्या आखडलेल्या हातांवर कंडरा फिरविण्याचे काम सुरू केले, आणि कुष्ठरोगात लोंबकळणाऱ्या पावलासाठीही आत्ता सांगितलेलाच स्नायू पुढे आणतात. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. मार्च २०१४ मध्ये आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. विद्या मात्र उरली, ती आमच्या उपयोगी पडते.

पण एक महत्त्वाचा फरक आहे. पोलिओने जे न्यायचे ते एकदाच नेले. कुष्ठरोगही औषधाने थांबविता येतो. म्हणजे फिरविलेला स्नायू जेवढा आहे तेवढा राहतो. आमचा रोग थांबत नाही. आज ज्या सरदाराला आपल्या बाजूला घेतले, तो स्वतःच दहा-पंधरा वर्षांनी म्हातारा होणार आहे. स्नायूची ताकद मोजण्याचे शून्य ते पाच असे एक माप आहे. स्नायू नव्या जागी नेला की त्याचा साधारण एक गुण कमी होतो, असा शल्यचिकित्सकांचा नियम आहे. पाचाचा स्नायू चाराचा होतो, काम भागते. तिनाचा स्नायू फिरविला तर तो नुसता दोरा उरतो. म्हणून फार थांबून चालत नाही : सांधे घट्ट होतात हे एक, आणि फिरविण्याजोगा स्नायू उरत नाही हे दुसरे. उलट बाजूही खरी आहे. वाढत्या वयाच्या मुलाची हाडे जोडून टाकणे टाळतात, आणि लहानपणी केलेल्या दुरुस्तीवर रोगाला काम करावयास पुढे पुष्कळ वर्षे मिळतात.

ह्या मतांना पुरावा काय, असे आपण विचाराल. पुरावा आहे, पण तो गणिताच्या मास्तराला पुरे वाटावा असा नाही. बहुतेक सगळा जुन्या रुग्णांना पुन्हा बोलावून तपासण्याचा आहे. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तीन सांधे जोडलेल्या ३० पावलांची सरासरी २१ वर्षांनी तपासणी झाली. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांचा निकाल वाईट ठरला होता. २००८ साली दुसरी पाहणी आली. तीत सांधे वाचवून दुरुस्त केलेली, २५ रुग्णांची ४१ पावले सरासरी २६ वर्षांनी पाहिली, आणि तेथे सांध्यांची झीज व पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची पाळी पहिल्या पद्धतीच्या मानाने कमी दिसली. ह्यावरून सरळ तुलना करणे मात्र बरोबर नाही. ज्यांचे सांधे वाचविले त्यांची पावले मुळातच लवचीक, म्हणजे कमी बिघडलेली होती. जोडली गेली ती बहुधा अधिक बिघडलेली. हुशार मुलांच्या वर्गाचा निकाल चांगला लागला म्हणून शिक्षक चांगला, असे आम्ही शाळेत म्हणत नसू. तरीही कल स्पष्ट आहे, आणि २०२० साली ह्या रोगाच्या पावलांवर काम करणाऱ्या शल्यचिकित्सकांच्या एका गटाने एकत्र येऊन जे निवेदन काढले त्याचाही रोख तोच होता : शक्य तोवर सांधे वाचवा, ताकदीचा तोल सुधारा, सांधे जोडणे शेवटी.

शस्त्रक्रियेवाचून काय करता येते, हे आता सांगतो. पुष्कळ करता येते, आणि पुष्कळांना ते पुरते. पोटरी आखडू नये म्हणून रोज ताण द्यावयाचा. बुटाच्या आत टाचेच्या व पावलाच्या बाहेरच्या कडेला पाचर आणि अंगठ्याच्या मुळाशी खड्डा, म्हणजे कोलमनची फळीच बुटात घालावयाची. लोंबणाऱ्या चवड्यासाठी पोटरीपासून तळव्यापर्यंतचा प्लॅस्टिकचा आधार. लोक त्याला सरसकट कॅलिपर म्हणतात. जुना लोखंडी कॅलिपर डोळ्यांपुढे आणू नका, हा हलका असतो आणि पँटच्या आत दिसतही नाही. मुंबईत हाजीअलीला १९५५ साली स्थापन झालेली भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे, तेथे असे आधार तयार होतात. आता मोठ्या शहरांतून इतरत्रही होतात.

परंतु पाश्चात्त्य पुस्तकांत न आढळणारी एक अडचण आपल्याकडे आहे, आणि निर्णयात तिला मी मोठे स्थान देतो. हा आधार बुटात बसतो, आणि बूट आपण दाराबाहेर काढतो! म्हणजे दिवसाचे निम्मे तास, स्वयंपाकघरात, देवघरात, ओल्या न्हाणीघरात, रात्री उठताना, माणूस आधाराशिवाय असतो. देवळाची पायरी चढताना असतो. लग्नाच्या मांडवात असतो. चप्पल तर आमच्या पायात टिकतच नाही. चवडा उचलत नाही तर चप्पल कशाच्या जोरावर राहणार? बाई घरात काम करणारी असेल तर हिशेब आणखी बदलतो. जेथे माणूस सकाळी बूट घालतो तो रात्री निजताना काढतो, तेथे आधारावर आयुष्य निघू शकते. आपल्या घरात अनवाणी पाऊल जमिनीवर सपाट टेकणे ह्याची किंमत जास्त आहे. घरात वापरण्यासाठी निराळा जोडा ठेवणे हा उपाय आहे, आणि मी तो करतो. पण आमच्या थोरल्या आत्याबाई होत्या तोवर मला तो करता आला नाही.

आता माझे दोन पाय. सव्विसाव्या वर्षी एका शहरातल्या डॉक्टरांनी मला सांगितले की, जन्मजात आहे, काही करू नका. त्यांनी पाटावर उभे केले नाही, मीही दुसऱ्या कोणाला विचारले नाही. पाऊल तेव्हा हाताने सरळ होत असे, हे मला पक्के आठवते, कारण बसल्या बसल्या ते सरळ करून पाहण्याची मला सवय होती. पुढे एक दिवस ते सरळ होईना. कोणत्या वर्षी, हे काही केल्या आठवत नाही. बावन्नाव्या वर्षी उजव्या पावलाच्या बाहेरच्या कडेवरचा घट्टा फुटून जखम झाली, आणि संवेदना बोथट असल्यामुळे ती माझ्या आधी मोज्याला कळली. तेव्हा तीन सांधे जोडले. पंधरा वर्षे झाली. जखम पुन्हा झाली नाही, पाय एकदाही मुरगळला नाही. ह्यासाठी मी कृतज्ञ आहे. पण पर्वतीच्या पायऱ्या उतरताना तो पाय लाकडाचा वाटतो, आणि गेल्या तीन वर्षांपासून घोटा दुखतो. डावा पाय आधारावर आहे. तो वाकडा आहे, कुरूप आहे, आणि गवतातून चालताना मला तोच अधिक बरा वाटतो. कोणता निर्णय बरोबर होता असे विचाराल, तर उजव्याला त्या दिवशी दुसरा मार्ग नव्हता आणि डाव्याला जखम झाली नाही म्हणून तो वाचला, एवढेच सांगता येईल. माझी चूक बावन्नाव्या वर्षाची नाही, सव्विसाव्या वर्षाची आहे.

म्हणून ज्याला निर्णय करावयाचा आहे त्याने पहिला प्रश्न स्वतःला विचारावा : माझे अडते ते नेमके काय? पाय वारंवार मुरगळतो, घट्टे पडून चालवत नाही, बूट कोणताच बसत नाही, आधार लावला तरी पाऊल त्यात फिरते, ह्यांवर शस्त्रक्रियेचा उपयोग आहे. पायांत शक्ती नाही, रात्री गोळे येतात, स्वस्थ उभे राहिले की झोक जातो, लवकर थकवा येतो, ह्यांतले बहुतेक नंतरही राहील. शस्त्रक्रिया होते ती वाकडेपणावर, रोगावर नव्हे. लग्न जमावे म्हणून पाय सरळ करून घ्यावयास मुलींना आणतात असे ऐकतो; त्याबद्दल मी येथे बोलत नाही, कारण मला रागावाचून बोलता येणार नाही.

दुसरे प्रश्न शल्यचिकित्सकाला. माझे पाऊल लवचीक आहे का, टाच कशाने वळली आहे? कोणते स्नायू किती गुणांचे आहेत? कोणती दोरी फिरविणार? सांधा जोडणार असाल तर कोणता, आणि न जोडता भागेल का? एक वर्ष थांबलो तर काय गमावीन? ह्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर जो शांतपणे देईल त्याच्याकडे जावे. ह्या रोगाची पावले त्याने किती पाहिली आहेत हे विचारण्यात संकोच करू नये. भूल देणाऱ्या डॉक्टरांना रोगाचे नाव लिहून द्यावे. आणि प्रसंग निराळा असला तरी हेही सांगून ठेवतो की, कर्करोगावर देतात त्या व्हिन्क्रिस्टीन नावाच्या औषधाने आमचे मज्जातंतू फार लवकर बिघडतात. घरात रोग असेल तर ही गोष्ट प्रत्येकाच्या कागदपत्रांत असावी.

प्लॅस्टरचे महिने हे प्रकरण कोणी नीट समजावून सांगत नाही. हाडे कापली म्हणजे साधारण सहा आठवडे त्या पायावर भार देता येत नाही, पुढे आणखी काही आठवडे प्लॅस्टरमध्येच थोडा थोडा भार; सूज तर वर्षभर येते-जाते. कुबड्या वापरा, असे सांगतात. पण आमच्या पुष्कळांचे हात दुबळे असतात आणि राहिलेला एक पायही रोगीच असतो! माझ्या हातांतून कुबडी दोनदा सुटली. अखेर चार पायांचा वॉकर घेतला आणि तिसऱ्या मजल्यावरून भावाच्या तळमजल्यावर बिऱ्हाड हलविले. कमोडची सोय आधी करावी, उकिडवे बसता येणार नाही. प्लॅस्टर आत कोठे दाबत असेल तर बोथट पायाला ते समजत नाही, म्हणून बोटांचा रंग आणि वास ह्यांवर घरच्यांनी रोज लक्ष ठेवावे. तंबाखू, विडी सोडावी. हाड जुळावयास उशीर लागतो. प्लॅस्टर निघाल्यावर फिरविलेल्या स्नायूला नवी नोकरी शिकवावी लागते. 'पाय आत ओढ' अशी आज्ञा मनात करावयाची आणि चवडा वर उचललेला पाहावयाचा, असे आठवडेच्या आठवडे चालते. दोन्ही पाय एकदम करू नयेत, असे मी तरी म्हणेन.

माझी पुतणी गेल्या दिवाळीत आली तेव्हा तिला मी पाटावर उभे केले. मी डॉक्टर नाही, हे आरंभीच सांगितले आहे. तिची टाच सरळ झाली. मागे तिचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ, उभा होता. त्याच्याकडे हा रोग आहे पण पायऱ्या चढताना दम लागण्यापलीकडे त्याला त्याची जाणीव नाही. तो म्हणाला, "दादा, चालतेय तोवर चालू दे." त्याचे म्हणणे मला वेडेपणाचे वाटत नाही. तिला आज दुखत नाही. वर्षातून तीन-चारदा पाय मुरगळतो, एवढेच. न दुखणाऱ्या पायावर सुरी घालणे कोणाही बापाला कठीण. मी दोन शल्यचिकित्सकांकडे तिच्याबरोबर गेलो. एकाने आता करा म्हटले. दुसऱ्याने आधार व व्यायाम सहा महिने करून स्नायूंचे गुण पुन्हा मोजू म्हटले, आणि पाऊल लवचीक आहे तोवर प्रत्येक सहा महिन्यांनी पाटावर उभे करीन, एकदाही चुकवू नकोस, असे बजावले. दोघांच्याही कागदावर शस्त्रक्रिया तीच होती : अंगठ्यामागच्या हाडाची पाचर, तळव्याचा पडदा, आणि दोरी पुढे आणणे. सांधा जोडण्याचे नाव नाही.

ती मला म्हणाली, "काका, तुम्ही असता तर काय केले असते?" मी तिला माझे दोन्ही पाय दाखविले, बाकी काही बोललो नाही. तिने दुसऱ्या डॉक्टरांचे सहा महिने पत्करले आहेत. मोजणीची तारीख जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, तिची परीक्षा त्याआधी संपते, आणि भावाने तळमजल्यावरच्या न्हाणीघरात कमोड बसविण्यासाठी गवंड्याला बोलावून ठेवले आहे.